चुन्याचं माप

रात्री पावणेतीनला सीपीआरच्या जिन्यावरून
बर्फाच्या डब्यातली सिरिंज खाली येते
आणि लेबलवर माझ्याच बापाचं नाव असतं.
पांडबा सखाराम चौगुले, एकसष्ट, मु. पो. वडणगे.
मनगटातलं रक्त. ताजं, लालभडक.
मी ते मशीनला पाजते
आणि नव्वद सेकंद
कॅलेंडरातल्या अंबाबाईकडे बघत नाही.

६.९८. बायकार्ब पाच.

अडतीस हंगाम दुसऱ्यांच्या काहिलीत
चुना टाकलेला माणूस.
रसाला उकळी धरायच्या आत
बोटावर थेंब घ्यायचा, जिभेला लावायचा
आणि टमरेलातलं चुन्याचं पाणी
असं ओतायचा, जशी कुणी उधारी फेडावी:
थोडं, मग थोडं, मग हात आखडता.
"कमी पडला तर गूळ बसत न्हाई, पोरी,
जास्ती झाला तर काळा पडतोय.
शाहूपुरीत रंग बघत्यात, तुझा घाम न्हाई."

पुढं कॉलेजात सरांनी फळ्यावर
बायकार्बोनेट लिहिलं
आणि मला चुलवाणाचा वास आला.

गुळव्याला साखर झाली, गल्ली हसली.
तोही हसला.
इन्सुलिन मात्र गोठ्याच्या कोनाड्यात राहिलं.
"सुया गोधडीला टोचाव्यात," म्हणाला.
मग चार दिवस घागर घागर पाणी प्यायला
आणि तेवढंच बाहेर टाकत राहिला.

आता वर आयसीयूत
तो झोपेत धावतोय. खोल, भुकेले श्वास,
तोंडाला उतरलेल्या केळ्यांचा वास.
शेजारच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, धाप लागलीय.
धाप नव्हे, मावशी. काहिलीवरची वाफ आहे ती.
आंबट जेवढं हवेवाटे जाईल तेवढं
फुप्फुसं फेकताहेत.
मळी मूत्रपिंडं काढतात, पण सावकाश,
त्यांना दोन-तीन दिवस लागतात.
तेवढा हंगाम त्याच्याकडे नाही.

मलाही धाप लागते. सातवा महिना.
जिन्याच्या वळणावर थांबते तेव्हा
पोटातलं पोर आपलं आंबट
नाळेतून माझ्याकडे लोटत असतं,
मी ते माझ्या नाकानं बाहेर सोडते.
दोघांचा श्वास एकटीनं घ्यायचा,
तक्रार करायची ती कुणाकडे?

कधी हसू येतं. ह्या पोराची सुरुवातही
आंबट वाटेवरच झाली.
कोट्यवधी निघाले होते,
आपापला चुना बरोबर बांधून.
पोचलं एक.

प्रयाग चिखलीला बाबा मला खांद्यावर घेऊन
नद्या मोजायला लावायचा.
कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती.
"आणि पाचवी?"
"ती दिसत न्हाई. पर असती."
रक्त दिसतं, घाम दिसतो.
पेशीतलं पाणी, पेशींच्या मधलं पाणी
आम्ही आकड्यांतून ओळखतो.
पाचवं सोनोग्राफीत नुसतं काळं दिसतं,
पोर त्यातच मुततं, तेच पितं, त्यातच पोहतं,
कुणालाही किळस येत नाही.

पहाटे तिसरी सिरिंज.
७.११.
मी कागद न छापताच वर जाते.

सलाईनची चौथी बाटली. डोळे अर्धे उघडे.
"कितीवर आलं?"
"सात अकरा, बाबा."
"गाडी सुटली म्हण की."
कुठल्या गाडीचं बोलतोय, मी विचारत नाही.
प्यायला अजून मनाई आहे.
ओला कापूस त्याच्या जिभेला लावते.
तो ओठ मिटतो, टाळ्याला जीभ चिकटवतो,
बराच वेळ चव घेत राहतो,
भुवया आक्रसून,
जशी काहिलीपाशी घ्यायचा.

पोटात एक लाथ बसते.

"आजून," तो म्हणतो. "पर थोडं."