पाचूशेजारी

गुजरीत काचेआड पाहिलेला पाचू
कधीच परवडला नव्हता.
चार लिटरच्या डब्यात परवडला.
उचगावच्या दुसऱ्या मजल्यावर, हॉलच्या मोठ्या भिंतीला
दस्तगीरमामांनी दोन हात मारले
आणि ब्रश पाण्यात बुडवत म्हणाले,
"ही झाली नवरी. आता तीन करवल्या कुठल्या, ते सांगा ताई."

आठवडाभर शेडकार्ड मांडीवर.
पांढरा नको, दवाखाना होतो.
गुलाबी लावला की मंगल कार्यालय.
राखाडी चालला असता,
पण हुपरीची न उजळलेली चांदी आठवते,
कुणीतरी उजळायची राहिलीय असं सारखं वाटत राहतं.

माझ्या मनात वीट होती.
पंचगंगेकाठच्या भट्टीतून निघालेली,
हात लावला तर अजून ऊब लागेल अशी.
हिरव्याला तांबडंच लागतं,
कैरीला तिखट लागतं तसं.

मामांनी वीतभर पट्टा ओढला पाचूला खेटून.
संध्याकाळी सर्जेराव आले,
शिरोलीच्या फौंड्रीची काळी धूळ कानामागं तशीच.
भिंतीपुढं उभे राहिले. बराच वेळ.
"पट्टा कुठाय?"

अकरा वर्षं झाली लग्नाला.
मला माहीत होतं तसं, आणि नव्हतंही.
सिग्नल ते जागेवरून ओळखतात, वरचा म्हणजे थांब.
तांबडा रस्सा वासावरून.
वितळलेलं लोखंड उजेडावरून,
त्यात एकदाही चुकलेले नाहीत.
फक्त पिकल्या मिरच्या वेगळ्या काढायला
कधी बसले नाहीत माझ्याजवळ.
मी समजत होते, आळस.

"ही भिंत तुम्हाला कशी दिसते?"
एवढं विचारायला मला पाचू लागला.
"काकवी," म्हणाले.
"घागरीच्या तळाला राहिलेली, गार झालेली काकवी.
लई झ्याक दिसतीया."
"आणि माझा लग्नातला चुडा?"
मान खाजवली. हसले.
"त्यो बी."

म्हणजे अकरा वर्षं मी
काकवीचा चुडा भरून उभी आहे यांच्यासमोर, अक्षता झेलत,
आणि यांनी तक्रार केली नाही.

शेडकार्ड पुन्हा उघडलं.
आता पाचूला शोभेल
आणि काकवीलाही, असं काहीतरी.
वांगी गेला. मेंदी गेली. बदामीवर दोन दिवस अडले.
मामा शिडीवरून म्हणाले,
"आमच्या धाकट्याचंबी असंच हाय.
निळं-पिवळं धरा ताई, तिथं भांडण न्हाई."

मग गूळ.
काळा नव्हे. पहिल्या आदणाचा,
वाफ जाता जाता साच्यात ओतलेला, फिकट.
सकाळी नऊला ऊन आत येतं तेव्हा
माझ्यासाठी उसाचा पाला आणि ढेप,
त्यांच्यासाठी काकवी आणि ढेप.
काहील एकच.
दाराला निळा दिला, रंकाळ्यावर दिवे लागायच्या आधीचा.
तो कुणाला कसा दिसतो
हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.
छत पांढरंच ठेवलं, तिथं मला आणखी डोकं लावायचं नव्हतं.

विटेचा पट्टा मात्र पुसू दिला नाही.
मामा म्हणाले, "एक हात मारतो की, बुजंल."
मी कपाट ओढलं त्याच्यापुढं.
केर काढताना कधीमधी डोकावते.

परवा सर्जेराव गाडीची किल्ली शोधत
अर्धे कपाटामागं शिरले होते.
आतून आवाज आला,
"अगं, हितं भिंत जरा खरबरीत लागतीया."
मी भाकरी उलटत होते.
म्हटलं, "लागू दे."