अडीच फेऱ्यांनी एकदा

पुन्हा सांग, इल्दे. घाई नको.
खट् म्हणालीस की कट्?
आवाज नाहीच म्हणतेस,
डाव्या तळव्याखाली उचकी लागल्यासारखं काहीतरी,
पुलाच्या चढावर जास्त.

सायकल हुकाला टांगली. पॅडल हातानं फिरवतो.
दर फेरीला आली असती
तर क्रँकच्या पोटातल्या छऱ्यांवर संशय घेतला असता;
बसल्यावरच आली असती, तर सीटच्या दांड्यावर.
एकदा आठवडाभर शोधत होतो,
निघाली फादर एजिदिओच्या बुटाची नाडी.

ही येते अडीच फेऱ्यांनी एकदा.

स्क्रूड्रायव्हरचं टोक फ्रेमवर,
मूठ कानामागच्या हाडावर.
तू हसतेस. चाळीस वर्षं
लाकडी कर्णा पोटांवर टेकवून ऐकलंस,
अर्धं फेरारा जगाआधी तुला ऐकू आलं.
"हं, बोलू नकोस," तरी मीच तुला सांगतो.
बाहेर पो नदीचं धुकं,
समोरची बेकरीसुद्धा नुसती वासापुरती.

सापडली.
एकशे बारा कड्यांतली एक,
मान अवघडलेली, वाकायलाच तयार नाही.
दोन्ही अंगठ्यांनी आडवी दाबली, थेंबभर तेल.
आता वळते. पैसे राहू देत.

गेलीस.
पाव तासानं पुन्हा दारात,
भुवयांवर धुक्याचं पाणी.
"ती गेली," म्हणतेस, "पण तिच्याखाली
अजून एक आहे. बारीक. दर फेरीला."

मला काही ऐकू येत नाही.
सायकल परत टांगतो,
आणि स्क्रूड्रायव्हर
तुझ्या हातात देतो.