एकेचाळीसपैकी

देवमन तायडेला मी तीनदा हरवलं.
दोनदा अकोल्यात, एकदा दर्यापूरला
शाळेच्या पटांगणात, बैलबाजाराच्या दिवशी.
आता हे कोणाच्या लक्षात नाही, म्हणून सांगतो.
माझ्या नावावर एकतीस विजय,
प्लॅस्टिकच्या फायलीत प्रमाणपत्रं,
खेळाडू कोट्यातली तहसीलीतली शिपायाची खुर्ची,
आणि गावात ओळख एवढीच:
देवमनसंग खेळे, तो.

देवमन एकेचाळीस लढला, नऊ जिंकला.
त्यातल्या चार, समोरचा आलाच नाही म्हणून.
पायात चाल नाही, उजवा हात सारखा खाली.
सावळे सर ओरडायचे,
"हात वर घे बे, का जेवाले बसला?"
आम्ही खारपाणपट्ट्यातली पोरं,
बाभळीला सरकीचं पोतं टांगून शिकलेली.
मुठीला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या.
विहिरीचं पाणी खारट, घाम खारट,
ओठ फुटला तरी चवीत
फार फरक पडायचा नाही.

त्या वर्षी माझं मनगट मोडलं
आणि नागपूरला माझ्या जागी तो गेला.
राष्ट्रीय स्पर्धा, पहिलीच फेरी.
चिठ्ठीत निघाला सेनादलाचा हवालदार जसकरण,
सहा वर्षं देशात ज्याला कोणी पाडलं नव्हतं.
सरांनी परतीच्या पॅसेंजरची तिकिटं
त्याच दुपारची काढून ठेवली.
मी कोपऱ्यात, चांगल्या हातात बादली.

पहिल्या फेरीत देवमनचा डावा डोळा
भरताच्या वांग्यासारखा सुजून मिटला.
दुसरीत उजवाही मिटत आला.
मी टॉवेल उचलला होता.
हे आजवर कोणाला बोललो नाही.
फेकणारच होतो,
तेवढ्यात त्यानं डावा हात फिरवला.
फिरवला कसला,
लाईन गेल्यावर माणूस
कोनाड्यातली काडीपेटी चाचपतो, तसा.
आणि हवालदार खाली बसला.
पाय पसरून, न्याहारीला धुऱ्यावर बसावं, तसा.
पंच मोजत होते. आठ. नऊ.
एवढ्या मोठ्या हॉलमध्ये
पंख्यांची कुरकुर ऐकू यायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मणिपुरी पोरानं
देवमनला दीड मिनिटात मोकळं केलं.
पदक नाही, कागद नाही.
पहिल्या फेरीतल्या विजयाला
कोट्याच्या अर्जात रकाना नसतो.

आता तो ग्रामपंचायतीच्या टाकीचा वाल्व फिरवतो,
एक दिवसाआड, पहाटे.
पोरं मागे लागतात, काका, तो ठोसा दाखवा न.
तो वाल्वकडे बोट करतो:
"हाच. आडवा. वीस आटे."
मला कोणी काही दाखवायला सांगत नाही.
सांगितलं तरी त्या एकतिसांतला
एकही ठोसा मला आठवत नाही.

गेल्या फाल्गुनात जिनिंगसमोर एक गाडी थांबली.
पिकलेली दाढी, गुडघ्यात किंचित लंगडा.
अमरावतीला लग्नाला चालला होता जसकरण,
नाव विचारत विचारत, वाट वाकडी करून आलेला.
चहा झाला. बोलणं काही जमेना.
कापसाचे गाडे आत जात राहिले,
बारीक रुई चहावर बसत राहिली.
मग जबड्याला हात लावून त्यानं विचारलं,
तो आला तरी कुठून?
बावीस वर्षं झाली, मला दिसलाच नाही.

देवमननं बशी खाली ठेवली.
त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं,
आणि मग माझ्याकडे वळून, आपल्या बोलीत:
"मले तरी कुठी दिसला, गड्या."
दोघं हसले, ठसका लागेपर्यंत.

मला दिसला होता.
खांद्यातून निघाला, तिथपासून लागला, तिथवर.
अख्ख्या हॉलमध्ये इतक्या जवळून मीच पाहिला,
टॉवेल अर्धा उचललेला.
सांगता आलं असतं.
मी पोराला हाक मारली, म्हटलं,
अजून तीन चहा आण.