सहा प्रश्नचिन्हं

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथ गप्प, समोरच्या फौंड्रीचा ब्लोअर गप्प,
आणि मी शटर अर्धं ओढून
नव्या लॅपटॉपपुढं बसलो.
कोल्हापूरची बाई मी, 'बसलो'च म्हणणार.

इन्स्टॉलर एकसष्ट टक्क्यांपर्यंत शहाण्यासारखा चालायचा.
तिथं हिरवी पट्टी जरा दम खायची,
आणि खिडकीच नाहीशी.
चूक सांगितली नाही, माफी मागितली नाही,
पाहुणा भरल्या ताटावरनं उठून जावा तसं.

आधी वाटलं कुंकवाचं काम असणार.
शुक्रवारी पूजा केली तेव्हा
'एन' आणि 'एम'च्या फटीत चिमूटभर सांडलं होतं.
टूथब्रशनं काढलं. एकसष्ट.
अँटिव्हायरस बंद केला. एकसष्ट.
ॲडमिनिस्ट्रेटर होऊन चालवून बघितलं,
स्वतःच्याच दुकानात परवानगी मागून.
एकसष्ट.
बेअरिंगवाल्या शहांच्या वायफायवर
चार जीबी पुन्हा उतरवून घेतले,
तोवर चलनाच्या पाठीवर
काय काय करून झालं ते लिहीत बसलो.
त्यावर मिसळीचा कट सांडला.
पाचवी पायरी कुठली होती, आता वाचता येत नाही.

उद्या शिरोलीला इम्पेलरचं ड्रॉइंग द्यायचं होतं.

चार वाजता सुहेल नदाफनं फोन उचलला.
पोरगा गडहिंग्लजचा, नोकरी पुण्यात,
'अक्का' अजून तिकडचंच म्हणतो.
"अक्का, लॉग उघडा. टेंप फोल्डरात असतोय.
शेवटची ओळ वाचा."
वाचली.
सी. यूजर्स. मग सहा प्रश्नचिन्हं.
मग, असा रस्ता सापडत नाही.
"यूजरचं नाव काय दिलंयसा?"
ज्ञानू.
"मराठीत?"
मग काय जर्मनीत देऊ?

ज्ञानू मिस्त्री.
तेहतीस वर्षं सागवानातनं पॅटर्न काढले त्यांनी,
पंपाचे, पुलीचे, उसाच्या घाण्याच्या दातऱ्या चाकाचे.
मला पटाशी धरायला शिकवली ती डाव्या हातानं,
कारण ते डावरे, आणि मला ते बरोबर वाटलं.
लॅपटॉपनं पहिल्या दिवशी नाव विचारलं,
मी त्यांचं टाकलं.
विंडोजनं घेतलंही, गोल चित्राखाली मिरवलंही.
इन्स्टॉलरला ते पचेना.

दोन तर अक्षरं, म्हटलं.
सुहेल म्हणाला, यंत्र फोडून मोजतंय.
ज सुटा, त्याचा मोडका पाय सुटा,
ञ, काना, न, ऊकार.
सहा तुकडे, अन् एकाचीही ओळख नाही.

नवं खातं काढलं. इंग्रजीत 'टेस्ट वन'.
एकसष्ट आलं आणि गेलं,
पट्टीनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.
साडेपाचला काम झालं.
मला आनंद व्हायला हवा होता, थोडा झालाही.

मंगळवारी मिस्त्री आले,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
सगळं सांगितलं, सहा प्रश्नचिन्हंही दाखवली.
ते बराच वेळ बघत राहिले.
"बँकेतबी असंच झालतं," म्हणाले,
"तिथं मी जी-एन का डी-एन-वाय, ह्याचं भांडण अजून मिटंना."
मग चहा मागितला.
मग स्टूल ओढून पडद्याजवळ आले,
'टेस्ट वन'च्या खात्यात फिरणाऱ्या इम्पेलरवर
नख टेकवलं. काचेवर करवतीच्या भुशाचा ठसा.

"आटणी धरलीस काय गं?"

धरली नव्हती.