तिसरा आकडा

वेल्डनच्या वहीत दोन रकाने.
इटालियन: अठराशे डॉलर, तीन हिवाळे, अडकली दोनदा.
तुर्की: चारशे.
एकोणीसनंतर मोजणं सोडलं.

आर्कान्साची पहाट,
कापलेल्या भातात गुडघाभर पाणी.
ओलेटाच्या हाती महागडी, त्याच्याकडे तुर्की.
बदकं उतरली, पाय पुढे काढून.
पहिला बार. दुसरा.
तिसऱ्याला रिकामं काडतूस खाचेत आडवं,
तो नखानं उपसतोय, शिव्या हासडतोय,
आणि एक हिरव्या डोक्याचा नर
दोघांच्या वरून
घाई न करता गेला.

ओलेटाचाही नेम धरलेला होता.
‘माझीही अडकली,’ म्हणाली.

रात्री त्यानं ती उघडली.
नळीत काजळीचा कण नाही,
तिन्ही काडतुसं जागच्या जागी.

पुसून ठेवली.
मग दोनवर काट मारून
तीन लिहिलं.