काटा

ओट्यावर माझा काटा, बशीएवढा,
ग्रॅमाग्रॅमला खरं बोलणारा.
सोया पन्नास. दही दोनशे. अंडी चार,
त्यातल्या दोनच बलकासकट.
हे सकाळी सातचं.
दहाचं डब्यात, एकचं डब्यात,
चारचे फुटाणे खिशात, सायकलवर,
वखारभाग ते जिम.

अप्पा बघत असतात.
चौतीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी.
बोटांच्या घड्यांतली हळद
रिटायर झाल्यावरही सुटलेली नाही.

"किती वेळा खातोस रे?"
"सहा."
"आम्ही दोनदा. अन् मधे चहा, मोजला नाही कधी."
मी त्यांना मालगावे सरांचं सांगतो:
वाटून खाल्लेलं बरं,
पण दिवसाची बेरीज चुकली
की सगळं मुसळ केरात.
बेरीज म्हटल्यावर ते जरा सावरून बसतात.

शेंगदाण्यांची मूठ भरतात, डोळे मिटतात.
"अडतीस."
काट्यावर ओततो. अडतीस.
एक दाणा उचलून तोंडात टाकतात,
"घे, आता सदतीस."

रात्री अकराला मी पनीर कुस्करतो.
"आता कशाला?"
"झोपेत स्नायू बांधले जातात, अप्पा."

बंडीच्या बाहीतून त्यांचा दंड दिसतो,
माल काढून घेतलेल्या पोत्यासारखा.
"मग आम्ही झोपेत काय बांधत होतो?"

फ्रिजची घरघर.
मी दुसरी वाटी काढतो,
काट्याकडे न बघता भरतो,
पुढे सरकवतो.

ते वाटी तळहातावर घेतात,
जरा वर, जरा खाली.
"शंभराच्या वर गेलं हे.
तुला कमी पडंल."