मूळपदावर

गायधनीबाईंचा फोन : "पुन्हा गेलं."
म्हणजे त्यांनी बोटांनी ताणून मोठी केलेली
मागच्या पुराची रात्र, दोन ते साडेतीन.
गंगापूर धरणाचा नवा आकडा आला
की आलेख झटकन मूळपदावर,
अख्खा पावसाळा पुन्हा वीतभर.

चूक माझीच. बाहेरून काहीही बदललं
की आतली स्टेट पुसून
मी सगळं नव्यानं मांडत होतो.
क्युसेक येणारच, दर पाच मिनिटांनी.
पण कुठे थांबून बघायचं
हे धरणानं का ठरवावं?

दुपारी चहाला गोदेकडे उतरलो.
दुतोंड्या मारुतीच्या पोटऱ्यांना गढूळ पाणी.
भांडीबाजारातला एकजण म्हणाला,
सकाळी घोट्याला होतं.
मारुती होता तिथंच.

परत येऊन सात ओळी खोडल्या, एक लिहिली :
आकडे घे, नजर राहू दे.

संध्याकाळी बाईंचा फोन नाही.
लॉगमध्ये दिसलं, आकडे एकोणीस वेळा आले
आणि ती रात्र तशीच उघडी,
एकाच टिंबावर बोट,
दोन वाजून चाळीस मिनिटं.

तेव्हा ड्यूटीवर कोण होतं,
मी विचारलं नाही.